रात्रीचा आकडा

मे महिन्यात धर्माबादच्या मोंढ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, आज पारा कितीवर गेला? मी आधी पहाटेचं किमान तापमान विचारतो. पिकाला पाणी किती द्यायचं हे ठरवताना दुपारच्या काहिलीपेक्षा दिवस-रात्रीतला फरक मला जास्त सांगून जातो.

बाष्पोत्सर्जन, म्हणजे जमिनीतून आणि पानांतून उडून जाणारं पाणी, नीट काढायचं तर ऊन, वारा, आर्द्रता, तापमान अशा चारही नोंदी लागतात. तालुक्यात भरवशाची मिळते ती बहुधा तापमानाचीच. तिथे हारग्रीव्ह्ज आणि सामानी यांचं १९८५चं सूत्र कामी येतं. सरासरी तापमानात १७.८ मिळवायचे, कमाल-किमान फरकाच्या वर्गमुळाने गुणायचं, मग त्या अक्षांशावर वातावरणाच्या माथ्याला पोचणाऱ्या उन्हाने आणि शेवटी ०.००२३ने. आभाळ निरभ्र असलं की दिवसा जमीन तापते आणि रात्री तीच ऊब निघून जाते. ढग आले की तापणंही कमी, निवणंही कमी. ऊन न मोजता ढगांचा अंदाज येतो तो असा. या सूत्रातली हीच गोष्ट मला मनापासून आवडते.

मे महिन्यात कमाल ४३, किमान २८ असेल तर उत्तर दिवसाला साडेसात मिलिमीटरच्या वर जातं. ऑगस्टमधल्या ढगाळ दिवशी, ३१ आणि २४ला, सव्वाचारच्या आसपास. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर पाणी. शेतकऱ्याला मात्र मिलिमीटर नको असतात, मोटार किती तास चालवायची ते हवं असतं.

रत्नागिरीत हेच सूत्र डोळे झाकून वापरता येत नाही. तिथला फरक समुद्रच कमी करतो, आभाळ लख्ख असलं तरी. शिवाय दमट हवेत सूत्र जास्त सांगतं आणि कोरड्या, जोराच्या वाऱ्यात कमी. आमची अडचण ही दुसरी. वारा सूत्रात कुठेच नाही, आणि उन्हाळ्यात पानं सुकवतो तो वाराच.

आमच्या भागातल्या बाभळी बंधाऱ्याची दारं २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी राहतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावं लागतं. उरलेल्या पाण्यावर उन्हाळी पीक धरणाऱ्याला एका मिलिमीटरची चूकही परवडत नाही. म्हणून गरम वारं सुटलं की मी नुसतं सूत्राचं उत्तर देत नाही. जवळच्या वेधशाळेतल्या बाष्पीभवन पात्राची नोंद मागवतो, तिच्याशी ताडून पाहतो आणि मगच मोटारीचे तास सांगतो.