कोयनेतून 'ललित'ला

सांगली स्टेशनात सकाळची कोयना एक्स्प्रेस शिरली, तेव्हा भाचीच्या पाठीवर सॅक होती आणि छातीशी एक फुगलेली फाईल. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, आधारच्या प्रती, फोटो. नाट्यशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेला निघालेल्या पोरीची ही पहिली सामग्री. यातला एकेक कागद तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या दादानं, सेतू केंद्राचे हेलपाटे घालून मिळवला होता. पोरीनं नाटकाची पदवी घ्यावी हे त्याला मान्य नव्हतं. पण कागद अपुरा म्हणून तिला कुणी परत पाठवावं, हेही त्याला चालणारं नव्हतं. गाडी हलताना त्यानं खिडकीतून भडंगाची पिशवी आत दिली. "पोचलात की फोन करा," एवढंच म्हणाला.

दादाचं औषधांचं दुकान आहे. भाची बारावी शास्त्र शाखेतून पास झालेली. फार्मसीचा रस्ता समोर मोकळा होता. पण आदल्या वर्षी तिनं 'चारचौघी' पाहिलं. प्रशांत दळवींचं १९९१ चं हे नाटक चंद्रकांत कुलकर्णींनी २०२२ मध्ये नव्या संचात पुन्हा उभं केलं. त्यात विद्या झालेली मुक्ता बर्वे फोनवर बोलते, तो प्रवेश पाहून ही घरी आली आणि चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी तिनं शोधून काढलं, की मुक्ता बर्वे पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक शिकलेली आहे. नाटक शिकता येतं, त्याची पदवी असते आणि बारावीनंतर तिथं जाता येतं, हे या घरात त्या दिवशी पहिल्यांदा बोललं गेलं.

तेही सांगलीत. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात, आणि तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भावे पदकाच्या समारंभाला दादा दुकान लवकर बंद करून जातो. राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस आले की त्याचं रात्रीचं जेवण उशिरा होतं. नाटकावर त्याचं प्रेम माझ्याहून कमी नाही. त्याला भीती आहे ती महिन्याच्या एक तारखेची.

"दिल्लीचं एनएसडी तरी बघा की," असंही त्याला कुणीतरी सुचवलं होतं. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं आणि त्याचा दबदबा मोठा. पण तिथं पदवी आणि रंगभूमीवरचा अनुभव हातात घेऊनच जावं लागतं. सोलापूरहून अतुल कुलकर्णी गेले तेही पदवीनंतर. अठराव्या वर्षी शिकायचं तर दारं मोजकी. तिनं दोन अर्ज भरले: एक पुण्याला, दुसरा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाला. 'चारचौघी'चे लेखक-दिग्दर्शक ज्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून आले, ती त्याच शहरात उभी राहिली. तिच्या दृष्टीनं हे कारण पुरेसं होतं.

तयारीत माझी एक चूक झाली. तीही सांगायला हवी, कारण अशा मुलांच्या घरी ती हमखास होते. सादरीकरणासाठी मी तिला 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं बेणारेबाईंचं स्वगत दिलं. तेंडुलकरांचं ते स्वगत १९६७ साली सुलभा देशपांडे यांनी रंगमंचावर पहिल्यांदा उभं केलं, आणि तेव्हापासून मुलींनी निवडीला तेच न्यावं असा जणू रिवाज आहे. मुलं 'नटसम्राट' नेतात. मी स्वतः तरुणपणी स्पर्धेत बेणारेबाईंचं ते स्वगत केलं होतं. म्हणून मी तिला जागा दाखवल्या, हात कुठं उचलायचा, श्वास कुठं तोडायचा, सगळं. महिन्याभरानं इथल्या एका जाणत्या दिग्दर्शकांनी ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हिच्यातून तुमचा आवाज काढून घ्या." शिवाय बेणारेबाई तिशी ओलांडलेल्या, आयुष्यानं पोळलेल्या. अठरा वर्षांच्या मुलीनं ते दुःख आणायचं कुठून? परीक्षकांना तिच्या वयाची, तिच्या अंगातली गोष्ट पाहायची असते, हे मला तेव्हा उमगलं.

मग तिनंच 'शारदा' काढलं. गोविंद बल्लाळ देवलांचं, १८९९ चं. पैशासाठी बापानं पंचाहत्तर वर्षांच्या भुजंगनाथाशी लग्न ठरवलेली पोर आईशी बोलते आहे, तेवढाच तुकडा, गाणं वगळून. देवल हरिपूरचे. सांगलीपासून स्कूटरवर दहा-पंधरा मिनिटं. कृष्णा-वारणेच्या संगमावर, तिथल्या पारावर बसून देवलांनी ते लिहिलं, असं हरिपुरातली माणसं आजही सांगतात. आम्ही रोज संध्याकाळी तिथं जाऊ लागलो. ती पाण्याकडं तोंड करून बोलायची, मी पाठ करून बसायची. तिच्याकडं बघायचं नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम. शब्द पाठ झाले, आवाज मोकळा झाला. मात्र आईला शेवटचं विनवताना तिच्या डोळ्यात पाणी काही येईना. त्याचं तिला फार वाटायचं.

गाडीनं नांद्रे सोडलं तशी दोन्ही बाजूंना उसाची शेतं सुरू झाली. जूनचा पहिला पाऊस होऊन गेलेला, माती काळीभोर. भिलवडी आलं. इथून जवळच कृष्णाकाठी नागठाणे, बालगंधर्वांचं गाव. मी तिला म्हटलं, "बघ, किर्लोस्कर मंडळीत शिरला तेव्हा हा मुलगाही सतरा वर्षांचाच होता." साल १९०५. शकुंतला म्हणून तो पहिल्यांदा उभा राहिला तो मिरजेत, आणि त्याच्या तालमी घेणारे तालीम मास्तर कोण, तर हरिपूरचे देवल. गाण्याला भास्करबुवा बखले. त्या काळी नाटक मंडळी हीच शाळा असायची: पोरं तिथंच राहायची, जेवायची, पहाटे गळा तयार करायची, आणि चुकलं की तालीम मास्तरांचं ऐकून घ्यायची. ती भडंग खाता खाता ऐकत होती. मग विचारलं, "आणि मुली?" मुलींसाठी ती शाळा नव्हती. तिच्या वयाच्या मुलीची भूमिकाही मुलगाच करायचा, शारदासुद्धा.

किर्लोस्करवाडी, ताकारी, कराड. कराडला गर्दी आत घुसली आणि आमच्या बाकावर पाच जण झाले.

रहिमतपूर आलं तेव्हा दादाचा फोन आला. रहिमतपूर हे वसंत कानेटकरांचं जन्मगाव, आणि योगायोग असा की दादाचा लाडका दाखला याच नावाशी जोडलेला. डॉक्टर श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे शल्यविशारद. त्यांनी वैद्यकी मागं ठेवून पूर्णवेळ नाटक धरलं ते १९६९ मध्ये, कानेटकरांच्याच 'इथे ओशाळला मृत्यू'पासून, वयाच्या बेचाळिशीत. "आधी डॉक्टर झाले ना?" दादा नेहमी म्हणतो. "मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर. हातात काहीतरी ठेवून मग करावं माणसानं." त्याचं बोलणं खोटं नाही. मराठीतली फार मोठी माणसं नोकरीधंदा सांभाळून रात्री तालमीला गेली. फोन तिच्या कानाला होता. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, ते डॉक्टरकी शिकले आणि नाटक करत राहिले. मला नाटक शिकायचंय." पलीकडं थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्यानं विचारलं, गाडी वेळेवर आहे का.

वाठारपुढचा घाट, नीरा, जेजुरी. ती झोपली होती. दुपारी पुणं आलं.

मुक्काम सदाशिव पेठेत माझ्या मैत्रिणीकडं. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून निघालो आणि भरत नाट्य मंदिरासमोर येऊन थांबलो. १९६३ पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक इथलाच. कॉलेजच्या पोरांच्या किती पिढ्यांचे घसे या इमारतीनं बसवले असतील. १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा उभं राहिलं तेही इथंच. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे. दादाच्या डॉक्टर मंडळींपैकी दोघं एकाच नाटकात. त्याच नाटकाच्या गटातल्या सतीश आळेकरांची गोष्ट मी तिला सांगितली. 'महानिर्वाण' लिहिणारे आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं काम करत होते. १९९६ मध्ये ते काम सोडून त्यांनी ललित कला केंद्राची धुरा घेतली. हौसेनं, रात्र जागून नाटक केलेल्या माणसानं पुढच्या मुलांना ते दिवसाउजेडी, वर्गात बसून शिकता यावं म्हणून आपली वर्षं दिली. ज्या दारात उद्या तिला उभं राहायचं होतं, ते दार कुणी सांभाळलं, हे तिला माहीत असावं असं मला वाटलं. ती इमारतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हे बाबांना सांग की."

रात्री तेलकट काही नको म्हणून मुगाची खिचडी. सकाळी ओंकार, थोडा खर्ज, ज्येष्ठमधाची कांडी. अंगावर साधा सैल कुडता, केस वर बांधलेले, कानातलं काढून माझ्या पर्समध्ये.

गणेशखिंडीतलं विद्यापीठाचं आवार म्हणजे जुनी झाडी. १९८७ साली सुरू झालेलं ललित कला केंद्र त्याच आवारात. नृत्य, संगीत आणि नाटक एका छपराखाली, आणि नावातच गुरुकुल. आम्ही पोचलो तेव्हा झाडाझाडाखाली एकेक मूल स्वतःशी बोलत होतं. एक मुलगा डोळे मिटून अहिराणीत काहीतरी म्हणत होता. दोघी जणी एकमेकींची पाठ ताणून देत होत्या. कुणी कुणाकडं चोरून बघत नव्हतं, आणि एकीनं भाचीला आपली पाण्याची बाटली दिली तेव्हा माझा जीव जरा खाली बसला.

पालक थोडेच. कट्ट्यावर माझ्याशेजारी जालन्याकडचे एक गृहस्थ बसले होते, टोपी मांडीवर. मुलगा गावच्या गणपतीत नाटकं बसवतो म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ताई, ह्याच्यात पोटाचं काय?" मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. नट होणं हा एक भाग. प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, ध्वनी, लेखन, मालिकांचं आणि डबिंगचं काम, शाळांतून मुलांची नाटकं बसवणं, पुढं शिकून शिकवणं. पगाराची हमी यातल्या कशातच नाही, हेही सांगितलं. कारण गोड बोलून त्या माणसाला परत पाठवणं मला जमलं नसतं. त्यांनी मान हलवली. "शेतीत तरी कुठं हाय हमी," म्हणाले, आणि टोपी डोक्यावर घातली.

तिचं नाव पुकारलं. तिनं फाईल घेतली, मोबाइल माझ्या हातात दिला आणि आत गेली. दार लागलं.

त्यापुढची वीस-पंचवीस मिनिटं माझी नव्हेत. ती तिच्याकडून ऐकलेली. शारदा तिनं जशी बसवली होती तशी केली. परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, आता हेच बोलणं भाकरी थापताना कर. ती जमिनीवर मांडी घालून बसली. समोर परात नाही, पीठ नाही, तवा नाही. आजीला बघून बघून हात तयार होतेच. ती थापत थापत आईशी बोलू लागली. नेहमीच्या गप्पा माराव्यात तसं. "आणि आत्या, बोलता बोलता भाकरी तव्यावर टाकायची राहिली गं. हातातच होती. ती कुठं ठेवायची तेच कळेना, आणि तिथं रडू आलं." महिनाभर हरिपूरच्या संगमावर जे आलं नाही, ते पुण्यात रिकाम्या परातीसमोर आलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, शेवटचं नाटक कुठलं पाहिलंस आणि त्यात काय लक्षात राहिलं. ती म्हणाली, फोनवर बोलणारी विद्या पलीकडचं ऐकते कशी ते. बोलणं सगळ्यांना आठवतं. तिला ऐकणं आठवत होतं. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून परतीची कोयना. येताना तिनं खिडकी सोडली नाही. निकाल विद्यापीठाच्या यादीत यायचा होता, त्याला वेळ होता. सांगली स्टेशनवर दादा स्कूटर घेऊन उभा. त्यानं फाईल हातात घेतली, कागद जागेवर आहेत का ते तिथंच उघडून पाहिलं, आणि स्कूटरच्या पुढ्यात पायाशी नीट ठेवली. घरी वहिनीनं भाकऱ्या टाकायला घेतल्या होत्या. भाची हात न धुताच स्वयंपाकघराच्या दारात बसली आणि रिकाम्या हातांनी थापायला लागली. दादा चप्पल काढता काढता थांबला. संपेपर्यंत त्यानं दुसरी चप्पल काढली नाही.

संभाजीनगरची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. दोन दिवसांनी मी दुकानावरून जात होते, तर त्यानं हाक मारून काउंटरवर एस.टी.च्या आरक्षणाचा कागद ठेवला. रात्रीच्या गाडीच्या दोन जागा. एक तिची, एक त्याची.

"दुकान?" मी विचारलं.

"बंद ठेवीन की दोन दिवस," तो म्हणाला. "खिडकीची तिला घेतलीय."