ओट्यावरची कोथिंबीर

लोणावळ्यात जून सरता सरता कुंडीतली कोथिंबीर जाते. आधी पानांवर थेंब साठून राहतात, मग देठ मातीलगत मऊ पडतो आणि एका सकाळी सगळी रोपं आडवी झालेली दिसतात. वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या गावात पालेभाजीला मातीआधी छप्पर लागतं. पुण्यात सातशेच्या आसपास पडतो. जिल्हा तोच, तालुके शेजारचे, पण बागेचे नियम पार वेगळे.

भांगरवाडीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मात्र भर आषाढात कोथिंबीर, पुदिना, बेसिल आणि लेट्यूस उभे आहेत. ओट्याच्या टोकाला, मिक्सरशेजारी एक पांढरी टाकी आहे. तिच्या झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे कप, कपांत कोकोपीटच्या वड्या आणि वर एलईडीची पट्टी. टाकीतला लहानसा पंप ठरावीक वेळाने पाणी घुसळतो. माती कुठेच नाही. यंत्र आणलं सुनेने, पण ते चालवते सासू. साठी ओलांडलेली ही बाई मूळची पवन मावळातली. तिने आजवर जी जी कामं केली, त्यातलं काही ना काही या टाकीत उपयोगी पडतं आहे.

पवना धरण १९७२ साली पुरं झालं तेव्हा ती लहान होती. घरामागे परसू होतं, तरी पावसाळ्यात तिथे कुणी कोथिंबीर पेरत नसे. ती दिवाळीनंतरची गोष्ट. पावसात भाजी रान द्यायचं: टाकळा, कुर्डू, भारंगी, चाईचे कोंब, आणि फोडशी. फोडशीच्या पातीतला मधला दांडा आई एकेक करून काढायची, कारण तो राहिला तर भाजी चरबट लागते. ते काम मुलींकडे यायचं आणि संपता संपायचं नाही. या भाज्यांना ना बी विकत आणायला लागायचं, ना खत.

बाकी सगळा पावसाळा भाताचा. राब भाजायचे, रोपं टाकायची आणि आषाढात आवणी. पोटरीभर चिखलात वाकून ओळी लावताना पाठ मोडायची. भात पाण्यात उभं राहतं आणि कुजत नाही, हे मावळातल्या पोराला शिकवावं लागत नाही. त्याचं कारण भाताच्या देठात आणि मुळांत असलेल्या हवेच्या पोकळ्या. पानांतून आलेली हवा त्या पोकळ्यांतून खाली मुळांपर्यंत पोचते. कोथिंबिरीला ही सोय नाही. तिची मुळं पाण्यात बुडून राहिली की गुदमरतात. म्हणूनच ओट्यावरच्या टाकीत पंप लागतो.

१९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण दिलं. तोवर तिचं लग्न झालं होतं. सासरची जमीन थोडी, म्हणून पुढे ती रोजगाराला पॉलिहाऊसवर जाऊ लागली. तळेगाव दाभाड्याला एमआयडीसीचं पुष्पोद्यान उभं राहिलं आणि पवनेच्या खोऱ्यातही गुलाबाची हरितगृहं दिसू लागली. भातखाचरांच्या कडेला प्लॅस्टिकची पांढरी छपरं आली आणि त्यांखाली टॉप सिक्रेटसारखे लाल गुलाब. व्हॅलेंटाइन डेच्या आधी तिथे दिवसरात्र काम चाले. बारीक फांद्या न छाटता वाकवून ठेवायच्या, म्हणजे त्यांची पानं झाडाला पोसतात आणि जाड दांडे खालून फुटतात. या कामाला तिथे बेंडिंग म्हणतात. मग काढणी, लांबीप्रमाणे ग्रेडिंग, गड्ड्या बांधून शीतगृह.

त्या शेडच्या एका कोपऱ्यात खताच्या दोन टाक्या असायच्या, ए आणि बी. दोन्हींतलं द्रावण पातळ होऊन ठिबकमधून झाडांना जायचं, पण मूळचं दाट द्रावण एकत्र होता कामा नये, अशी सक्त ताकीद असे. एका टाकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत सल्फेटं आणि फॉस्फेटं. ती दाट अवस्थेत भेटली की कॅल्शियम त्यांच्याशी जुळून खाली पांढरा गाळ बसतो. मग ते अन्न झाडाला मिळतच नाही, वर ठिबकची तोंडं बुजतात. सुनेच्या यंत्राबरोबर दोन बाटल्या आल्या तेव्हा माहितीपत्रक उघडायच्या आधीच ती म्हणाली, ‘‘अगं, दोन्ही एकदम ओतू नको. आधी पाणी, मग ही, नीट ढवळून मग ती.’’

त्याच काळात तळेगावच्या परिसरात परदेशी भाज्याही पिकू लागल्या होत्या. जाहिरात व्यवसायातले रवी गुप्ता यांनी सुरू केलेली त्रिकाया ही कंपनी तिथे बेसिल, आइसबर्ग, चेरी टोमॅटो असला माल लावी आणि तो मुंबईच्या हॉटेलांत जाई. वाटेवरून येणारा बेसिलचा वास तिला तुळशीच्या जवळचा वाटे, पण ते पान भाजीत घालतात हे तिच्या घरी कुणाला पटलं नसतं. आज तिची नात डब्यात लेट्यूस घातलेलं सँडविच नेते आणि त्याचं पान आजी सकाळी कात्रीने कापून देते. बाहेरची पानं घ्यायची, मधला कोंब ठेवायचा, म्हणजे रोप कित्येक आठवडे फुटत राहतं.

मातीशिवाय झाड वाढवणं नवं नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत युलिउस साक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपं वाढवून दाखवली होती. १९२९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिकी यांनी ही पद्धत पीक घेण्यासाठी वापरता येईल असं मांडलं. भारतात १९४६च्या सुमाराला शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये कालिंपाँगला साध्या, स्वस्त साधनांनी हेच करून पाहिलं. गेरिकींच्याच विद्यापीठातले होगलँड आणि आर्नन यांनी मात्र १९३८ साली स्पष्ट लिहिलं की चांगल्या मातीपेक्षा पाण्यातलं उत्पन्न काही जास्त येत नाही. त्यांनी दिलेलं द्रावण आजही प्रयोगशाळांत वापरतात. यंत्र विकणाऱ्यांनी हे वाक्य खोक्यावर छापायला हवं.

जाहिरातीत पहिला मुद्दा असतो पाण्याच्या बचतीचा. तो खरा आहे. ॲरिझोनात लेट्यूसचा हिशेब मांडणाऱ्या २०१५च्या एका अभ्यासात शेतापेक्षा तेरापट कमी पाणी लागलं, पण ऊर्जा मात्र ब्याऐंशीपट जास्त. वाळवंटी मुलखाला ही अदलाबदल कदाचित परवडेल. लोणावळ्यात आषाढात पाणी उदंड असतं आणि भरवसा नसतो तो उन्हाचा नि विजेचा. इथे या यंत्राची किंमत छपरात आणि दिव्यात आहे. ढग खाली उतरले की खिडकीतल्या कुंडीत रोपं लांब, फिकट, उजेडाकडे झुकलेली होतात. नवरात्रात घटाचं धान पिवळसर उगवतं त्याचंही कारण तेच. त्याला देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात नंदादीपाएवढाच प्रकाश मिळतो. वीस वॅटची पट्टी रोज चौदा तास लावली तर महिन्याला साडेआठ युनिटांच्या आत वीज जाते, तेवढ्यात चौघांच्या घराला पुरेल इतकी हिरवाई होते. अख्ख्या भाजीची आशा मात्र धरू नये. मेथीची एक जुडी शिजवली की वाटीभर होते, आणि सहा भोकांच्या टाकीत तेवढी जुडीही निघत नाही.

वीज गेली की पंप थांबतो. तासभर चालतं, अख्खा दिवस नाही. त्यावर तिने शोधलेला उपाय हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या पद्धतीचा आहे. मुलाने फोनवर व्हिडिओ दाखवला आणि तिला तो लगेच कळला. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्यायचा, बाहेरून फॉइलने गुंडाळायचा, नाहीतर उजेड शिरून आत शेवाळ धरतं. झाकणाला भोक पाडून कप बसवायचा आणि द्रावण कपाच्या बुडाला लागेल इतकंच भरायचं. रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते, वर मोकळ्या झालेल्या जागेत मुळं हवा घेतात आणि खालची टोकं पाण्यात राहतात. पंप नको, वीज फक्त दिव्याला. पाणी उतरलं म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही, एवढं पथ्य.

धन्यांचं कामही ती स्वतःच करते. पोळपाटावर लाटण्याने हलकेच दाबून अख्ख्या धन्याच्या दोन फोडी करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि ओल्या वडीत चार-पाच टाकायच्या. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात. द्रावणाचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये आहे ना, ते कागदी पट्टीने बघते. पुदिन्याला तर बीही लागत नाही, बाजारातल्या जुडीतली एक जाड काडी पाण्यात ठेवली की पेराला मुळं फुटतात.

या कोथिंबिरीचा देठ कोवळा असतो. वास शेतातल्यापेक्षा थोडा सौम्य, असं घरातल्या सगळ्यांचं मत. आमटीवर चालते. हिरव्या चटणीला ती अजून बाजारातलीच घेते, महाग असली तरी. आणि श्रावणात मंडईबाहेर बायका टोपल्यांत फोडशी, कुर्डू घेऊन बसतात तेव्हा पिशवी भरून आणते. सुनेने फोडशीही कपात लावून बघू म्हटलं होतं. तिने नको म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. जे रान पावसाबरोबर आपसूक देतं आणि ज्यावर एखाद्या बाईची त्या दिवसाची कमाई होते, ते दिव्याखाली आणायची गरज नाही.

दसऱ्यानंतर आभाळ मोकळं झालं की कोथिंबीर कुंडीत, गच्चीवर जाते आणि तिथे मार्चपर्यंत छान चालते. टाकीत तेव्हा फक्त लेट्यूस आणि बेसिल राहतात. थंडीत बेसिल रुसतं, म्हणून ते दिव्याच्या जवळच्या कपात. एप्रिलात हवा तापली की लेट्यूस दांडा धरतं, कडू होतं, मग ते काढून टाकायचं, टाकी कोमट पाण्याने घासून उन्हात वाळवायची आणि मे अखेरीला पुन्हा धने भिजत घालायचे.