वण

आत्मचरित्र शिकवताना आम्ही सांगत आलो : लिहून झाले की दुःख सरते. ‘मग लिहिल्यावरही का दुखते?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा आम्ही निरुत्तर झालो.

पुढे अलेप्पोच्या फोडाविषयी वाचनात आले. वालुमाशीच्या दंशातून लिशमानिया हा परजीवी त्वचेत शिरतो. व्रण भरतो, वण उरतो आणि बहुधा तो रोग पुन्हा होत नाही. चेहरा वाचावा म्हणून मध्यपूर्वेत मुलांच्या झाकल्या अंगावर हा फोड मुद्दाम आणवीत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उंदरांच्या शरीरातून परजीवी समूळ गेले, तेव्हा ते संरक्षणही गेले. उरलेले थोडे परजीवीच शरीराला जागे ठेवत होते.

त्या विद्यार्थिनीला आम्ही आता एवढेच सांगू : दुखणे उरले म्हणून लिहिणे फसले, असे नव्हे.