इंजिनातले दंव

थंडीची पहिली चाहूल आम्हा देवगाव फाट्याच्या लोकांना उटण्याच्या वासाने लागत नाही. ती लागते सायलेन्सरमधून ठिबकणाऱ्या पाण्याने. दिवाळीच्या सुमारास पहाटे कुणी मोटारसायकल सुरू केली, की नळीच्या तोंडाशी थेंब जमतात. लीटरभर पेट्रोल जळले की जवळजवळ लीटरभर पाणी तयार होते, हे फाट्यावरच्या हॉटेलात सांगून पाहा. कुणाचा विश्वास बसायचा नाही! पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूला भेटला, की पाण्यावाचून दुसरे होणार काय?

बहुतेक वाफ बाहेर जाते. थोडी मात्र पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या चेंबरात उतरते, आणि तिथले लोखंड गार असले की त्यावर दंव धरते.

आमचे शेजारी दूध घालतात. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलोमीटरची खेप. गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्यांनी ऑइलचे झाकण उघडले, तर आत पिवळसर लोणी! गॅरेजवाल्याने इंजिन खोलायला सांगितले. पोरांच्या कपड्यांचे पैसे खिशात घेऊन ते माझ्याकडे आले.

"गुरुजी, हे हवेवर गार होणारं इंजन. यात पाण्याचा थेंब नाही. मग पाणी आलं कुठून?"

असा नेमका प्रश्न माझ्या वर्गात वर्षातून एखादाच येतो. मी पट्टीचे टोक पाहिले. तिथले ऑइल काळेच होते. म्हटले, "भाऊ, आधी कपडे आणायला परभणीला जाऊन या. याच गाडीवर."

लोखंड लवकर तापते, ऑइल सावकाश. ते ऐंशी-नव्वद अंशांवर चढून काही वेळ तिथे राहिले, तर आतले पाणी वाफ होऊन निघून जाते. दोन किलोमीटरांत ते कोमटच राहते. रोज पाणी आत येते, जात काहीच नाही. मग जळक्या वायूंशी मिळून ते आंबते आणि बेअरिंगे खाते.

परभणीहून ते परतले तेव्हा पुसलेले झाकण कोरडे होते. ऑइल तेवढे बदलले. आता ते किलोमीटर न मोजता महिने मोजून बदलतात.

जीपवाल्यांनी मात्र एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. त्यांच्या इंजिनाभोवती पाणी खेळतेच. पट्टीवरचे ऑइलही दुधाळ दिसले आणि रेडिएटरमधले पाणी रोज घटू लागले, तर ते दंव नव्हे. हेडचे गॅस्केट गेल्याचा संभव मोठा. तिथे गाडी पळवू नये. इंजिन खोलावेच लागते.