उशिरा आलेले

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, रांग दाराबाहेर जाते. सगळ्यांना गावाला जायचं असतं आणि गोळ्या संपण्याआधी नव्या हव्या असतात. एका प्लास्टिकच्या डबीत तीस गोळ्या. डबी हातात पडली की माणसं कोपऱ्यात जाऊन तिच्यात कापसाचा बोळा दाबून बसवतात, म्हणजे एसटीत पिशवी हलली तरी खुळखुळ ऐकू येत नाही. काही जण डबीवरचा कागद नखाने खरवडून काढतात. हे त्यांना आम्ही कधीच शिकवलेलं नाही.

मी डोंबिवलीच्या मानपाड्यात राहते. दुसरा मानपाडा ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर. कार्डावर नुसतं ‘मानपाडा’ लिहिलेलं असलं की मला विचारावं लागतं, कुठला? कारण आमच्याकडचे काही जण मुद्दाम ठाण्याला जाऊन गोळ्या घेतात आणि तिकडचे कल्याणकडे येतात. रांगेत शेजारी भेटू नये म्हणून भाडं आणि एक खाडा सोसायचा.

या केंद्रावर मी डॉक्टर आहे. गोळ्या लिहून देण्याबरोबर आणखी एक काम माझ्याकडे असतं. रुग्ण दगावला की त्याचं पांढरं कार्ड काढून पहिल्या ओळीपासून वाचायचं. तपासणी केव्हा झाली, तेव्हा सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, किती होता, वजन किती, टीबी होता का, गोळ्यांत खंड कधी पडला. अशी बरीच कार्डं वाचल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते. औषध एकच, सगळ्यांना फुकट, तरी मरण सगळ्यांना सारखं येत नाही. बायकांपेक्षा पुरुष जास्त दगावतात. भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या अभ्यासांतही हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

लोक म्हणतात, दारू. दारूचा वाटा आहेच. पण माझ्या समोरच्या कार्डांवर त्याहून मोठं कारण पहिल्याच ओळीत असतं, तपासणीच्या तारखेत.

एक जोडपं आठवतं. बायको चौथ्या महिन्यात नाव नोंदवायला पालिकेच्या दवाखान्यात गेली. गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी तिथे होतेच. तिची पॉझिटिव्ह आली. सीडीफोर पाचशेच्या वर होता, म्हणजे शरीराची ढाल अजून शाबूत होती. गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या. नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामगार. काउन्सेलरने तीनदा निरोप धाडला. ‘पगार झाला की येतो,’ असं उत्तर यायचं. तो आला चौदा महिन्यांनी, भावाच्या खांद्याला धरून. वजन अडतीस किलो, सीडीफोर एकतीस. दोनशेच्या खाली गेला की आम्ही त्याला गंभीर अवस्था म्हणतो. टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता. तीन आठवड्यांत तो गेला. बाळाची अठराव्या महिन्यातली शेवटची तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा ती बाई माझ्या टेबलासमोर रडली. ‘मॅडम, ह्याला दाखवायला ते पाहिजे होते,’ एवढंच म्हणाली. ती अजून गोळ्या न्यायला येते.

एकाच खोलीत राहणारी, एकाच ताटात जेवणारी दोन माणसं. बाईला गरोदरपणाने दवाखान्यात नेलं. पुरुषाला तिथे नेणारं काहीच नव्हतं. धडधाकट पुरुषाची तपासणी व्हावी असा गरोदरपणासारखा ठरलेला प्रसंग आपल्या व्यवस्थेत नाही. तो टीबी झाल्यावर सापडतो, आणि एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांचा सर्वांत मोठा मारेकरी टीबीच आहे.

एके काळी सगळेच उशिरा यायचे, कारण औषधच उशिरा आलं. देशातलं पहिलं निदान 1986 साली चेन्नईत झालं. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा खर्च साडेतीनशे डॉलरवर आणला, तेव्हा जगभर दार किलकिलं झालं. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी सुरू झाली 1 एप्रिल 2004 रोजी. तेव्हा बहुतेकांना सीडीफोर दोनशेच्या खाली उतरल्यावरच गोळ्या मिळायच्या, म्हणजे रुग्णाला आजारी पडेपर्यंत थांबायला सांगावं लागे. ती अट हळूहळू सैल झाली आणि 2017 पासून निदान झालं की लगेच औषध, असं धोरण आलं. बंधन गेलं. उशीर मात्र काही ठरावीक लोकांच्या वाट्याला शिल्लक राहिला.

हिजडा समाजातल्या रुग्णांच्या कार्डांवर तो दिसतो. स्त्रियांच्या रांगेत उभं राहिलं तरी कुजबुज, पुरुषांच्या रांगेत राहिलं तरी कुजबुज. म्हणून येणंच टळतं. जन्मापासून विषाणू घेऊन वाढलेली मुलं सोळा-सतराव्या वर्षी खरं कारण कळल्यावर गोळ्या बंद करतात आणि उशिरा परततात, तेव्हाही दिसतो. अमेरिकेत हाच उशीर कातडीच्या रंगाप्रमाणे वाटला गेला आहे. लोकसंख्येतल्या वाट्याच्या मानाने तिथे कृष्णवर्णीयांचे एचआयव्हीने होणारे मृत्यू कितीतरी जास्त आहेत.

आकड्यांबद्दल एक सांगायला हवं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, अंदाजानुसार 2021 साली देशात सुमारे 24 लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्या वर्षी सुमारे 42 हजार मृत्यू एड्सशी निगडित होते. रुग्णसंख्येत महाराष्ट्र पहिला. मृत्यूंचा हा आकडा दाखले मोजून काढलेला नाही, गणिती प्रारूपातून काढलेला आहे. दाखले मोजायचे तर कुठले मोजणार? त्यांवर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहिलेलं असतं. आमच्या नोंदीत ‘एलएफयू’ असा एक शेरा असतो, म्हणजे गोळ्या न्यायला यायचा बंद झालेला, पत्ता नसलेला रुग्ण. आफ्रिकेतल्या अनेक अभ्यासांचा 2009 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. बेपत्ता रुग्णांपैकी ज्यांचा शोध लागला, त्यांतले दहात चार मेलेले निघाले. आमच्या यादीतला रुग्ण गावी गेला असेल, ठाण्याच्या केंद्रावर नाव बदलून गोळ्या घेत असेल, किंवा उरला नसेल. या यादीत पुरुष जास्त असतात. म्हणून पुरुषांच्या मृत्यूचा जो दर कागदावर दिसतो, खरा त्याहून जास्त असणार असं माझं मत आहे.

या उशिराचा इलाज अवघड नाही. कोविडच्या टाळेबंदीत एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, काहींना घराजवळ पोचवल्या, आणि खाडा वाचला, तेव्हा एरवी न येणारे पुरुषही गोळ्या नेऊ लागले. रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर केंद्र उघडं ठेवलं तर पाळीवरून सुटलेला कामगार येईल. कारखान्याच्या फाटकावर साखर-बीपीच्या शिबिरात, त्याची संमती घेऊन, एचआयव्हीचीही तपासणी करता येईल. मी हे बैठकांत मांडते आणि मांडत राहीन.

घरात कोणी गरोदर असेल, तर तिच्या तपासणीच्या दिवशी नवऱ्यानेही सोबत जाऊन स्वतःचं रक्त द्यावं. एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या सरकारी आयसीटीसी केंद्रात पैसे पडत नाहीत, आणि निकाल गुप्त ठेवणं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. दवाखान्यात जाण्याआधी कोणाशी बोलावंसं वाटलं, तर 1097 या क्रमांकावर फुकट फोन लागतो.