सांता फे : मातीच्या भिंतींचा सुभा

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे. सुमारे ७,००० फूट उंचीवरचे हे शहर पाहिले की आपण अमेरिकेत आहोत की मोरोक्कोत, असा प्रश्न पडावा. जाड मातीच्या भिंती, धाब्याची घरे आणि मधोमध चौक. चौकाच्या एका बाजूला लांबलचक, बैठी इमारत आहे. १६१० च्या सुमारास बांधलेला हा स्पॅनिश गव्हर्नरांचा वाडा. आज तिथे संग्रहालय आहे. पुढच्या ओसरीत इथले मूळ रहिवासी चांदीचे दागिने मांडून बसतात.

मोरोक्कोशी हे साम्य उगाच नाही. स्पेनमध्ये मुसलमानांची सत्ता जवळजवळ आठशे वर्षे होती. १४९२ मध्ये ग्रॅनाडा पडले, पण शब्द राहिले. कच्च्या विटेला इथे ‘अदोबे’ म्हणतात, तो अरबी ‘अत्-तूब’. शेताला पाणी नेणारा पाट ‘असेकिया’, म्हणजे ‘अस्-साकिया’; आपल्या ओळखीचा ‘साकी’ त्याच धातूतला. आणि तालुक्याचा कारभार व न्यायनिवाडा पाहणारा ‘अल्काल्दे’, म्हणजे चक्क ‘अल-काझी’!

पण नाव काझीचे असले तरी इन्साफ होताच असे नाही. या सुभ्याची कहाणी तीच आहे.

१५९८ मध्ये हुआन दे ओन्यातेने ही वसाहत सुरू केली. मेक्सिको शहर इथून सुमारे २,५०० किलोमीटर दूर. गाड्यांच्या काफिल्याला एका बाजूच्या प्रवासाला सहा महिने लागत आणि तो साधारण तीन वर्षांतून एकदा येई. लोखंड, कागद, कापड, सरकारी हुकूम, सारे त्याच्यासोबत. वाटेत पाण्याविना सुमारे १५० किलोमीटरचा टापू लागे. त्याचे नावच ‘मृताची वाट’. गव्हर्नरने तक्रार लिहिली, तर उत्तर येईपर्यंत वर्ष उलटून जाई.

पगारी फौज नव्हती. संरक्षण करायचे ते मोजक्या स्पॅनिश जमीनदारांनी, आणि मोबदल्यात त्यांनी गावोगावच्या पुएब्लो लोकांकडून मका व कापड वसूल करायचे. गव्हर्नर आणि पाद्री यांचे आपसांत भांडण. दोघांनाही मजूर हवेत, राबणारे मात्र तेच पुएब्लो. त्यात १६६० च्या दशकापासून दुष्काळ पडला, साथी आल्या, अपाचे टोळ्यांचे हल्ले वाढले. ज्यांच्याकडून वसुली चालली, त्यांचे रक्षणही सरकारला जमेना.

१६७५ मध्ये गव्हर्नरने पुएब्लोंचे ४७ धर्मप्रमुख जादूटोण्याच्या आरोपाखाली पकडले. काहींना फाशी दिली, बाकीच्यांना फटके मारले. फटके खाणाऱ्यांत पोपे नावाचा एक माणूस होता. त्याने गावोगाव गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की उठायचे. ऑगस्ट १६८० मध्ये बंड झाले. सुमारे ४०० स्पॅनिश मारले गेले, त्यांत २१ पाद्री. गव्हर्नर ओतेर्मीन हजारेक माणसांसह याच वाड्यात अडकला. बंडवाल्यांनी वाड्याकडे येणारा पाट तोडला. पाणी बंद झाले आणि अखेर स्पॅनिशांना सुभा सोडून दक्षिणेला जावे लागले. बारा वर्षे ते परत येऊ शकले नाहीत.

परतल्यावर त्यांनी पगारी शिपायांचे ठाणे बसवले. जमीनदारांची जुनी वसुली मात्र पुन्हा सुरू झाली नाही. पुढे पुएब्लो आणि स्पॅनिश मिळून कोमांचे टोळ्यांशी लढू लागले. ही लढाईही अनेक वर्षे चालली. गव्हर्नर हुआन बाउतिस्ता दे आन्साने १७७९ मध्ये त्यांच्या एका बलाढ्य सरदाराला हरवले. पण सुभ्याला खरी उसंत मिळाली ती १७८६ च्या तहाने. कोमांचेंना बाजारात येऊन व्यापार करण्याची मोकळीक मिळाली. हा तह दोन्ही बाजूंनी दीर्घकाळ पाळला.

आज स्पेनची सत्ता नाही. असेकिया मात्र वाहतात. गावकरी आपल्यातूनच पाटकरी निवडतात, वसंतात एकत्र येऊन पाट साफ करतात आणि पाळीपाळीने पाणी घेतात. दुष्काळात थोडे असले तरी ते वाटून घेतात. ज्या सुभ्याला दूरच्या हुकमाने सांभाळता आले नाही, त्या मातीत माणसे आजही नांदत आहेत, ती या वाटणीच्या इन्साफावर.