राक्षस आणि म्हातारा राजा

मराठी शिकविणाऱ्या माणसाने हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी राक्षसांच्या वाटेला का जावे, असे आमच्या कॉलेजात मला पुष्कळांनी विचारले. इंग्रजीचे प्राध्यापक तर म्हणाले, "अहो, ते आमचे आम्हालाच वाचवत नाही!" त्यांचे खरे आहे. 'बेओवुल्फ' ज्या भाषेत आहे ती आजच्या इंग्रजाला जवळजवळ परकीच. भाषांतराचे बोट धरूनच तीत शिरावे लागते. मीही तसाच शिरलो, आणि अजून बाहेर आलेलो नाही.

काव्य ३१८२ ओळींचे. कवीचे नाव कोणाला ठाऊक नाही. पोथी साऱ्या जगात एकच, सन १००० च्या आसपास उतरलेली. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी लंडनच्या ॲशबर्नहॅम हाऊसला आग लागली, त्यात ही पोथी होरपळली. वाचली खरी, पण कडा करपल्या आणि पुढे हात लागेल तसा त्यांचा चुरा होऊ लागला. जुनी पोथी सोडताना बोटांना कागदाचा भुगा लागतो तेव्हा जिवाचे कसे पाणी होते, ते आम्हा लोकांना विचारा. पुढे थोर्केलिन नावाच्या आइसलंडच्या विद्वानाने १७८६-८७ च्या सुमारास तिच्या दोन नकला मिळविल्या, एक दुसऱ्याकडून करवून आणि एक स्वतःच्या हाताने. १८०७ साली इंग्रजांनीच कोपनहेगनवर तोफा डागल्या. त्यात त्याचे घर आणि वर्षानुवर्षांचे काम जळाले, नकला तेवढ्या राहिल्या! मूळ पोथीतली जी अक्षरे नंतर झडून गेली, त्यांतली कित्येक आज केवळ या नकलांमुळे आपल्याला वाचता येतात.

कथा सांगायला सोपी आहे. डेन लोकांचा राजा ह्रोथगार 'हेओरोट' नावाची भव्य सभा बांधतो. रोज रात्री तिथे मद्य, हास्यविनोद, वीणेवर गाणे. बाहेर दलदलीत, काळोखात, ग्रेंडेल राहतो. तो भुकेने पिसाळून येत नाही. त्याला ते गाणे सोसत नाही. ईश्वराने पृथ्वी कशी निर्मिली, तिला पानाफुलांनी कसे सजविले, असे भाट आत गातो आहे, आणि हा बाहेर, भावाला मारणाऱ्या केनच्या कुळातला, कायमचा हाकललेला. दुसऱ्यांच्या सणाचा गजबजाट बंद दाराबाहेरून ऐकणारा असा प्राणी कवीने उभा केला, तिथेच मी पहिल्यांदा पुस्तक मिटून बसलो.

अर्थात कवीला त्याची दया येत नाही. ग्रेंडेल एका रात्रीत तीस वीर उचलतो, बारा वर्षे सभा ओस पाडतो. मग गीट लोकांच्या देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण स्वीडनमधून, तरुण बेओवुल्फ चौदा साथीदारांसह येतो आणि नुसत्या हातांनी झुंजून राक्षसाचा बाहू खांद्यापासून उपटतो. सभेत जल्लोष होतो.

आपल्याकडे बकासुर मेल्यावर त्याचे आप्त बाहेर येतात, पण भीमाचा दम ऐकून निमूट वळतात. इथे दुसऱ्या रात्री ग्रेंडेलची आई येते. ती तीस माणसे नेत नाही. राजाचा जिवलग सल्लागार तेवढा उचलते, आणि छपराखाली टांगलेला आपल्या मुलाचा हात परत घेऊन जाते. जिवाला जीव. त्या काळच्या वीरांचाही न्याय याहून निराळा नव्हता! कवीने तिच्यासाठी जो शब्द योजला आहे तो कुलीन स्त्रियांसाठीही वापरला जाई. आणखी एक शब्द तर असा आहे, की तो ग्रेंडेललाही लागतो, अजगरालाही लागतो आणि खुद्द बेओवुल्फलाही. जुने संपादक राक्षसाच्या ठिकाणी त्याचा अर्थ 'दुष्ट' करीत आणि नायकाच्या ठिकाणी 'वीर'. सोय पाहून शब्दार्थ लावण्याची ही विद्या आपल्याकडच्या टीकाकारांनाही अवगत आहे.

पण माझे मन अडकले आहे ते उत्तरार्धात. बेओवुल्फ राजा होतो, पन्नास वर्षे राज्य करतो. कोणी एक पळपुटा एका पुरातन ढिगाऱ्यातून पेला चोरतो, त्या धनावर बसलेला अजगर चवताळतो आणि गावे जाळीत सुटतो. राजा थकलेला आहे. तरी तो लोखंडाची ढाल घडवून घेतो (लाकडाची जळेल, एवढे भान आहे), अकरा सोबत्यांना टेकडीवर थांबायला सांगतो आणि एकटा पुढे होतो. हे काम दुसऱ्याचे नव्हेच, असे त्याचे म्हणणे.

आमचे कोकणातले घर कौलारू. मे सरता सरता कौले चाळायची, फुटकी बदलायची. वडील एकोणऐंशीव्या वर्षीही स्वतः चढत. गडी मिळत होते, पैसे होते, मी होतो. "तुला जमायचे नाही, तू शिडी धर," म्हणाले. मी शिडी धरली. वरचा वासा कुजलेला निघाला. श्रावण काही त्यांनी पाहिला नाही. गावात कोणी म्हणे, माणूस शेवटपर्यंत ताठ राहिला. आई म्हणे, "कोणी सांगितले होते?"

अजगराने राजाला घेरताच दहा जण रानात पळतात. एकटा विग्लाफ धावतो. तो तरुण, पहिल्याच लढाईत उतरलेला. दोघे मिळून अजगर मारतात, पण विष राजाच्या अंगात भिनलेले असते. मग विग्लाफ जे बोलतो ते स्तुतीचे नाही. राजाला आम्ही पुष्कळ विनविले, त्याने ऐकले नाही, आणि एकाच्या हट्टापायी आता अनेकांनी भोगायचे, असा त्याचा सूर आहे. विग्लाफ माझ्या आईच्या बाजूचा. धावून जाणाराच हे बोलतो, म्हणून ते जड वाटते. चितेपाशी केस बांधलेली एक स्त्रीही आक्रोश करते. तिला पुढची आक्रमणे, गुलामगिरी दिसत असते.

१९३६ साली टॉल्किनने ब्रिटिश अकादमीतल्या व्याख्यानात बजावले की, राक्षस हेच या काव्याचे हृदय. तोवर विद्वान या काव्यात इतिहास धुंडाळीत आणि राक्षसांवर नाक मुरडीत. टॉल्किनचे म्हणणे मला पटते, पण माझे हृदय म्हाताऱ्यापाशीच घुटमळते.

सोने पुन्हा मातीतच जाते, पूर्वी होते तसेच निरुपयोगी. समुद्रकाठच्या उंच टोकावर, खलाशांना दुरून दिसेल असा ढिगारा रचतात. बारा उमराव-पुत्र घोड्यांवरून त्याभोवती फिरत राजाचे गुण गातात: जगातल्या राजांत सर्वांत सौम्य, प्रजेला सर्वांत प्रेमळ, आणि कीर्तीचा सर्वांत हावरा. काव्य त्या शेवटच्या विशेषणावर संपते. ते गौरवाचे की ठपक्याचे, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. त्या बारा स्वारांत ते पळून गेलेले दहा जण होते की नव्हते, हेही कवीने सांगितलेले नाही.